घर बांधत होतो तेव्हा घरात काय चाललं होतं? (अनुभव लिहा)

मागच्या महिन्यात आम्ही एकदाचे नव्या घरात राहायला आलो. कॉन्ट्रॅक्टरने नऊ महिने सांगितले होते, लागले पंधरा. आता जो येतो तो विचारतो किती स्क्वेअर फूट, फरशी कुठली घेतली, खिडक्या स्लायडिंगच्या का केल्या. पण ते पंधरा महिने आम्ही पाच माणसं भाड्याच्या दोन खोल्यांत कशी राहिलो, कोण कोणाशी किती दिवस बोलत नव्हतं, ते कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा. विटा-सिमेंटचा हिशोब नको, घरातल्या माणसांचं लिहा.

सुरुवात मीच करते. आमचं सगळ्यात मोठं भांडण स्विचबोर्डवरून झालं. भिंती उभ्या होत्या, प्लास्टर व्हायचं होतं, आणि एक दिवस सकाळी साडेसातला वायरमन दारात, म्हणजे दाराच्या भोकात, खडू घेऊन हजर. "बोला मॅडम, बेडरूमचा बोर्ड कुठे?" आता बोर्ड कुठे ते सांगायला आधी पलंग कुठे ते ठरायला हवं, पलंग ठरायला कपाट कुठे ते ठरायला हवं, आणि कपाटावर आमचं आठ महिने एकमत नव्हतं. नवरा म्हणाला थांब, दाखवतो, आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरून चक्क आडवा झाला. हात वर करून म्हणे, "हात इथे पोचतो, इथे खूण करा." मी म्हटलं अहो खिडकीखाली डोकं करून कोण झोपतं, पाऊस आत आला की? तर उठून उलटा झोपला. मग दार उघडल्यावर थेट पाय दिसणार, ते मला चालेना. मग मी गोणीवर झोपून दाखवलं. ऑफिसच्या कपड्यांत. वायरमनने वीस मिनिटं हातात खडू धरून हा प्रकार बघितला आणि मग तो शहाणा माणूस हॉलमध्ये जाऊन बसला. शेवटी मी चिडून "करा कुठेही" म्हटलं आणि त्याने खरंच कुठेही केला. आज तो बोर्ड कपाटामागे आहे. एक्स्टेन्शनची वायर कपाटाखालून काढलीय, आणि त्या वायरकडे बघून आम्ही दोघं काहीच बोलत नाही.

आता तुम्ही लिहा.

*

आमच्याकडे पाणी मारायचं काम बाबांनी घेतलं होतं. त्याआधी रिटायर होऊन दोन वर्षं झालेली, दिवसभर गॅलरीत बसायचे, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून झाला की परत पहिल्या पानावर. मला काळजी वाटायची पण काय करायचं ते कळत नव्हतं. पहिला स्लॅब भरला त्या संध्याकाळी इंजिनियरने त्यांना सहज म्हणून सांगितलं की काका, सिमेंट वाळून घट्ट होतं असं लोकांना वाटतं पण तसं नसतं, ते पाण्याशी रिअ‍ॅक्शन होऊन घट्ट होतं, म्हणून वरून वाळू द्यायचं नाही. सात दिवसात साधारण दोन तृतीयांश ताकद येते आणि पूर्ण ताकद अठ्ठावीस दिवसांची धरतात. झालं. बाबांना आयुष्यात परत एक परीक्षा मिळाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता स्कूटर काढल्याचा आवाज. गवंड्याने स्लॅबवर मसाल्याचे, म्हणजे सिमेंट-वाळूच्या मिश्रणाचे, बारीक बांध घालून वाफे केले होते, शेतात करतात तसे, त्यात पाणी भरून ठेवायचं. बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून अनवाणी त्या वाफ्यांमधून फिरायचे, कुठला बांध फुटला ते बघायचे, फुटला असेल तर हातानेच चिखल दाबून बुजवायचे. कॉलम्सना गोणपाट गुंडाळून ओलं ठेवायचं ते पण त्यांनीच केलं, सुतळीने इतकं व्यवस्थित बांधलेलं की मुकादम म्हणाला काका कुरिअर करायचंय का. वहीत रोजची नोंद, किती वाजता पाणी दिलं, ऊन किती होतं, पाणी किती आटलं. माझ्या मावशीने फोनवर तब्येत विचारली तर तिला क्युरिंग, म्हणजे हे पाणी मारणं, समजावून सांगितलं, पाऊण तास. तिने नंतर मला फोन केला, बरे आहेत ना रे ते?

अठ्ठावीस दिवस झाले. एकोणतिसाव्या दिवशी पहाटे पाचला परत स्कूटर. मी गॅलरीतून विचारलं बाबा आज कुठे, संपलं की. ते म्हणाले हो रे, माहितीय, बघून येतो फक्त. वहीत त्या दिवसाची पण नोंद आहे, नुसतं "कोरडा".

*

एकच गोष्ट. मुलगा पहिलीत होता. शाळेत "माझं घर" काढायला सांगितलं, याने छान घर काढलं, दार, खिडक्या, झाड, आणि छपरावर चार कोपऱ्यात उभ्या रेघा. बाईंना वाटलं अँटेना. आम्हाला बोलावून विचारलं. त्या सळया होत्या हो, कॉलमच्या, पुढचा मजला चढवायला वर सोडतात त्या. त्याच्या लेखी घराला त्या असतातच. नंतर त्याने डोंगरातलं एक झोपडं काढलं त्याला पण सळया.

*

बाबा आणि वही वाचून डोळ्यात पाणी आलं आणि त्याच वेळी हेवा पण वाटला, कारण आमच्याकडे पाणी मारायला मीच, माल मोजून घ्यायला मीच, भांडायला पण मीच होते. नवरा कामानिमित्त दुसऱ्या देशात, दीड वर्षात दोनदा आला. लेक तिसरीत.

कॉन्ट्रॅक्टरचं ठरलेलं वाक्य, "साहेब कधी येणारेत?" कुठलंही विचारा. मी म्हटलं काँक्रीटमध्ये एवढं पाणी का ओतताय, तर साहेब कधी येणारेत. (पाणी जास्त घातलं की माल सुळ्ळकन पसरतो, कामगारांचे हाल कमी होतात, पण काँक्रीट कमजोर होतं. हे मला आधी माहीत नव्हतं, रात्री लेक झोपल्यावर वाचून वाचून शिकले.) बाथरूमच्या फरशीला उतार जाळीकडे हवा, फुटाला पाव इंच तरी. फरशी बसली, मी बादलीभर पाणी ओतलं, पाणी सरळ दाराकडे चालत आलं. माझ्या चपलेपर्यंत आलं. तो म्हणाला मॅडम वायपर मारायचा, सुकतं. मी म्हटलं उखडा. त्याने माझ्यासमोर नवऱ्याला फोन लावला, स्पीकरवर. नवरा म्हणाला, "मला कशाला विचारताय, पाणी कुणी ओतलं? त्यांनाच विचारा." त्या एका वाक्यासाठी मी त्याला दीड वर्षातलं बरंच काही माफ केलं. सगळं नाही.

पण मला लिहायचंय ते हे नाही. मोठ्या स्लॅबच्या दिवशी सकाळी मिक्सर बंद पडला, काम अकराला सुरू झालं. स्लॅब एकदा सुरू केला की मधेच थांबवून उद्या करू म्हणता येत नाही, जुना माल घट्ट झाला की नवा त्याला नीट धरत नाही, तिथे सांधा राहतो, पुढे गळायची भीती. त्यामुळे मी तिथेच उभी, घमेली मोजतेय, व्हायब्रेटर (माल हलवून नीट बसवायचं मशीन) कोपऱ्यात फिरतोय का बघतेय, फोन पर्समध्ये, पर्स खाली सिमेंटच्या खोलीत. लेकीची शाळा साडेबाराला सुटायची. मला आठवलं तेव्हा दोन वाजले होते.

मी धावत पळत गेले, केसात सिमेंट. ती वॉचमनकाकांच्या स्टुलावर बसली होती, दप्तर मांडीवर, रडत नव्हती. म्हणाली, "स्लॅब होता ना?" मीच रडले मग, तिथेच, गेटवर.

आता ती कॉलेजला आहे. मी काही विसरले, फोन करायचा राहिला, औषध आणायचं राहिलं, की म्हणते स्लॅब होता ना. तिच्या बाबांना पण म्हणते. घरात आलेल्या पाहुण्यांना काही कळत नाही.

*

तुम्ही लोक गंमतीचं लिहिताय म्हणून लिहू की नको असं झालं होतं.

आम्ही दोघं भाऊ. वडलांची जागा, खाली एक मजला वर एक. सगळं ठरलं आणि जिन्यावर अडलं. आतून की बाहेरून. बाबा म्हणत होते आतून, एक दार, एक घर. धाकट्याला बाहेरून हवा होता, उद्या वरचं भाड्याने द्यायचं झालं तर, असं म्हणाला. मला तेव्हा वाटलं वहिनीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, डोकं आहे (माझ्या बायकोला वहिनीबद्दल बोललेलं आवडत नाही, ती वाचेल). आता वाटतं त्याचं बरोबर पण असेल. आर्किटेक्ट म्हणाले पाया घ्यायच्या आधी सांगा, जिना नंतर हलवता येत नाही. तीन आठवडे काम थांबलं. घरात सगळे एकमेकांशी अगदी नीट बोलायचे, तेच वाईट होतं.

जिना बाहेरून झाला. बाबा काही बोलले नाहीत. वर जायचं तर चपला घालून जावं लागतं. आई खाली आमच्याकडे असते, आणि नातवंडांकडे वर जायचं तर पावसात छत्री उघडून जाते, बारा पायऱ्यांसाठी. भर म्हणजे गवंड्याने सगळ्यात खालची पायरी इंचभर उंच केली, नवा माणूस हमखास अडखळतो तिथे. आम्ही कोणी अडखळत नाही. भावाशी बोलणं आहे. कामापुरतं.

*

(वरच्या दादा, बरं केलंत लिहिलंत.)

आम्ही अर्ध्या घरात राहायला गेलो होतो. कारण सरळ आहे, एकीकडे घरभाडं आणि दुसरीकडे कर्जाचा हप्ता, दोन्ही झेपेना. मिस्टर म्हणाले फक्त आतली दारं आणि रंग राहिलाय, आठवडाभराचं काम. सव्वाचार महिने.

आतलं एकही दार नाही ही काय चीज असते ते राहिल्याशिवाय कळत नाही. सगळीकडे जुन्या साड्यांचे पडदे. बाथरूमला पण पडदाच, त्यामुळे आत गेलं की गाणं म्हणायचं असा नियम. सासूबाई जपाचं काहीतरी म्हणायच्या, सासरे नुसतं खाकरत राहायचे, आणि आमचे दीर, ज्यांना गाण्याचं अंग नाही, ते पाढे म्हणायचे. अठ्ठावीसाचा पाढा आला की समजायचं अंघोळ चालू आहे. सकाळी सहा वाजता सुतार यायचे, रंधा, मशीन, भुसा. भुसा गादीत, भुसा शाळेच्या वह्यांत, सासूबाईंच्या चष्म्याच्या डबीत. धुतलेले कपडे वाळत घातले की पुट्टी घासणारा मुलगा बरोब्बर त्याच खोलीत सुरू करायचा.

आणि माझं नि सासूबाईंचं ओट्यावरून जे झालं ते तेव्हाच. ओटा साधारण चौतीस इंच करतात, पण खरं तर करणाऱ्याच्या कोपरापासून चार-सहा इंच खाली असावा. माझी उंची पाच फूट सहा, सासूबाई पाचला पण दोन इंच कमी. कोणाचं कोपर धरायचं? कोणी उघडपणे बोललं नाही. मी मोठेपणा करून म्हटलं आईंच्या मापाने करा. सगळ्यांनी माझं फार कौतुक केलं. सहा महिन्यांनी माझी पाठ धरली आणि त्यांना गुडघ्याने उभं राहवेना, आता त्या खुर्चीवर बसून निवडतात-चिरतात आणि ओट्याशी वाकून मी. मोठेपणा करायच्या आधी टेप घेऊन माप घ्या बायांनो. एवढंच सांगते.

*

धागा काढणारी मीच परत. सगळं वाचलं, काही नवऱ्याला वाचून दाखवलं. गोण्यांवर झोपलो होतो ते मी इथे लिहिलंय हे कळल्यावर तो म्हणाला वायरमनचं नाव नाही ना टाकलंस. कोणीतरी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलंय की बोर्ड हलवून का घेत नाही. विचारलं होतं हो, भिंत फोडावी लागेल, परत प्लास्टर, परत रंग, आणि मुख्य म्हणजे कपाट कुठे ते परत ठरवावं लागेल.

सासऱ्यांना ती बाबांची वही फार आवडली. म्हणाले आपण का नाही ठेवली.

बाकी आमचं कंपाउंडचं गेट राहिलंय. फॅब्रिकेटर उद्या माप घ्यायला येणारे. आत उघडायचं की बाहेर, यावर काल रात्रीपासून घरात शांतता आहे.