गणपतीत सासऱ्यांच्या शुगरचं काय करू? मदत हवी आहे, लवकर सांगा

वेंगुर्ल्याची_सून
गणपती बारा दिवसांवर आलेत आणि माझं डोकं चालेना झालंय. सासऱ्यांची शुगर २३० आलीय. आमच्याकडे अकरा दिवस गणपती, मुंबईची मंडळी धरून सतरा माणसं, पहिल्या दिवशी शंभरावर मोदक, मग ऋषीपंचमी, गौरी, आणि रोज रात्री वाडीत घरोघरी आरती, प्रत्येक घरी हातावर करंजी नाहीतर लाडू. बाबा कुणालाच नाही म्हणत नाहीत. बिनसाखरेचे मोदक कसे करायचे तेवढं सांगा, लेक्चर नको प्लीज.

काजूगर
२३० उपाशीपोटी की जेवल्यावर? वय काय? गोळ्या कुठल्या?

आजगावकर
गूळ घाला, साखर नको. काय एक होवचा नाय. आमचो आजो रोज गूळ खाय, नव्वद वर्सां जगलो.

काजूगर
आजोबा नांगर धरायचे हो, आपण खुर्चीत बसतो. गूळसुद्धा बहुतेक साखरच, रक्तात गेल्यावर फरक काय पडतो?

आजगावकर
म्हणजे आमच्या म्हाताऱ्यांनी सगळा चुकीचाच खाल्ला?

मोदकवाली_मावशी
पारी फाटत असेल तर पीठ नव्या आंबेमोहराचं घ्या, जेवढं पीठ तेवढं पाणी, पाण्यात चमचाभर तूप आणि मीठ, उकड गरम असतानाच तुपाच्या हाताने मळा. हळदीच्या पानावर वाफवलेत तर वासच वेगळा येतो.

वेंगुर्ल्याची_सून
मावशी, पारी फाटत नाहीये माझी! वय ६७, शुगर जेवल्यावरची. गोळी सकाळी एक, रात्री एक, पाकिटावर मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड असं लिहिलंय. हे सगळं कशाला हवंय? गोडावर ताबा नाही एवढाच प्रॉब्लेम आहे. गेल्या वर्षी पूजेच्या दिवशी पित्ताने थरथरायला लागले होते, भटजी दीड वाजता आले, दूर्वा हातातून पडल्या, अंगाला दरदरून घाम, तेव्हापासून मला धास्तीच बसलीय.

पीएचसी_ताई
थांबा. सकाळची गोळी घेऊन दीड वाजेपर्यंत उपाशी होते का?

वेंगुर्ल्याची_सून
हो, पूजा बाबाच करतात ना, त्याआधी खात नाहीत.

पीएचसी_ताई
मग ते पित्त नसावं हो, शुगर उतरली असणार. ग्लिमेपिराइड शरीराला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. चतुर्थीच्या दिवशी गोळी कधी घ्यायची ते आजच डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. घरात शुगर मोजायचं मीटर ठेवा. ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना.

आजगावकर
पूजेआधी खाल्ला तर देवाक चालात?

पीएचसी_ताई
काका, आमच्या घरी पूजेची थाळी मोठा मुलगा धरतो आणि बाबा बाजूला पाटावर बसतात. ज्याचं त्याने ठरवावं, पण गोळी आणि उपास एकत्र नको.
आणि मोदकाचं म्हणाल तर पारी तांदळाचीच, म्हणजे भातच तो, साखर काढून फारसं साधत नाही. पानात आधी काळ्या वाटाण्याची उसळ आणि भाजी, मग मोदक, आणि तेवढा भात कमी. ऋषीची भाजी पोटभर द्या, सुरण आणि कणीस जपून. आरतीला डबा घेऊन जा, करंजी डब्यात, घरी येऊन वाटून खायची. जेवल्यावर वाडीतून पंधरा मिनिटं चाला.

काजूगर
डबा नेलेला वाडीत चालेल का पण? आमच्याकडे रागावतील.

वेंगुर्ल्याची_सून
डॉक्टरांना फोन केला. म्हणाले त्या दिवशी गोळी पूजा झाल्यावर, जेवणाबरोबरच. भटजींनाही सांगितलं, सगळ्यात आधी आमच्याकडे येतो म्हणाले, साडेसातला. ताई, एक वर्ष मी पित्ताचं औषध देत होते, आता वाईट वाटतंय. अजून एक, बाबा मीटरच्या सुईला घाबरतात, काय करू?

पीएचसी_ताई
बोटाच्या टोकावर टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं. पण आधी हात साबणाने धुवून कोरडे करा, मोदक वळलेल्या बोटाला गूळ राहिला तर आकडा खोटाच वर दाखवतो.