मदत हवी आहे: बीडीएस आहे, टेक्सासमध्ये राहते. हायजिनिस्टच्या लायसन्ससाठी फ्लोरिडाचा रस्ता धरावा का?

नमस्कार मंडळी,

मी बीडीएस आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची पदवी, मग साताऱ्यात सात वर्षं स्वतःचा दवाखाना. नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षांपूर्वी डॅलसजवळ आलो. मी एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर आहे. वर्क परमिट गेल्या वर्षी मिळालं आणि तेव्हापासून एका दवाखान्यात डेंटल असिस्टंट म्हणून काम करते. एक्स-रे काढण्यापुरतं राज्याच्या डेंटल बोर्डाकडे नाव नोंदवलेलं आहे. इतकी वर्षं खुर्चीच्या उजव्या हाताला बसले, आता डावीकडे बसून सक्शन धरते. कामाची लाज नाही, पण हात स्वस्थ बसत नाहीत.

गेल्या महिन्यात आमची हायजिनिस्ट, म्हणजे पेशंटचे दात साफ करणारी, अचानक रजेवर गेली. खुर्चीत साठीचे एक गृहस्थ. खालच्या पुढच्या चार दातांच्या मागे कीटणाचा, म्हणजे साचून कडक झालेल्या थराचा, सलग पूल झालेला, हिरडी सुजून लाल, नुसता आरसा टेकवला तरी रक्त. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू तर डेंटिस्टच आहेस, एवढं तूच करून टाक." ट्रेमध्ये स्केलर, म्हणजे कीटण खरवडायचं उपकरण, समोर होता. मी नाही म्हणाले. डॉक्टर रागावले नाहीत, त्या गृहस्थांना पुढची तारीख दिली. घरी येऊन मात्र मी रडले. सात वर्षं रोज केलेलं काम, आणि ते करायला मी इथे कायद्याने कोणीच नाही.

म्हणून आता ठरवलंय की लायसन्स काढायचंच. डीडीएसचा, म्हणजे इथल्या डेंटिस्टच्या पदवीचा, परदेशी डेंटिस्टसाठीचा दोन-तीन वर्षांचा कोर्स आहे, पण त्याची फी आमच्या आवाक्याबाहेर आहे आणि मुलगी चार वर्षांची आहे. हायजिनिस्ट व्हायचं तर साधारणपणे अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त, म्हणजे कोडाची (दंतशिक्षणाचे कोर्स तपासणारी इथली संस्था) मान्यता असलेल्या कॉलेजातून हायजीनचा कोर्स करायचा, मग नॅशनल बोर्डाची ३५० प्रश्नांची परीक्षा, मग क्लिनिकल परीक्षा, आणि शेवटी त्या त्या राज्याच्या कायद्यावरची परीक्षा. लायसन्स देशाचं नसतं, राज्याचं असतं. हे मला इथे आल्यावर कळलं.

फ्लोरिडात मात्र परदेशातल्या डेंटिस्टला पुन्हा कॉलेज न करता हायजिनिस्टच्या परीक्षांना बसता येतं. माझी एक मैत्रीण म्हणते, तिथून लायसन्स काढ आणि टेक्सासला बदलून घे. हे खरंच होतं का? कोणी केलंय का? आणि डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तर काय उत्तर द्यावं, तेही सांगा. नोकरी टिकवायची आहे.

— सातारकर_मृणाल

प्रतिसाद: किनाऱ्यावरची

मृणाल, मी फ्लोरिडातूनच केलं, त्यामुळे सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी कागद. बीडीएसच्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, तुझं शिक्षण इथल्या डेंटल पदवीच्या तोडीचं आहे का हे पाहायला. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट सीलबंद पाकिटात थेट मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडे जायला हवं. घरी मागवून, फोडून, पुन्हा पाठवलेलं चालत नाही. माझा भाऊ दोनदा नाशिकला जाऊन आला, कारण पहिल्या पाकिटावर शिक्का राहिला होता. महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलचं गुड स्टँडिंगचं, म्हणजे नोंदणी निर्दोष असल्याचं, पत्रही मागवून ठेव. साताऱ्याच्या दवाखान्याची नोंदणी चालू ठेवली आहेस ना?

मग डेंटपिन, म्हणजे परीक्षेसाठीचा ओळख नंबर, काढायचा आणि नॅशनल बोर्ड द्यायचं. त्यात दोनशे प्रश्न विषयांवर आणि दीडशे केसवर. तुला अ‍ॅनाटॉमी, पॅथॉलॉजी जड जाणार नाही. जड जाईल ते इथलं कम्युनिटी हेल्थ आणि हायजिनिस्टच्या नजरेतून केस वाचणं. आपण डेंटिस्ट म्हणून उपचार काय करायचा ते शोधतो आणि प्रश्न असतो तिने आज कोणतं उपकरण उचलावं.

क्लिनिकल परीक्षेने मला घाम फोडला. गावाकडे आपण अल्ट्रासॉनिक लावून पंधरा मिनिटांत तोंड मोकळं करायचो. इथे हिरडीखालचं कीटण आधी एक्सप्लोररच्या बारीक टोकाने हाताला जाणवलं पाहिजे. डोळ्यांना काहीच दिसत नाही, टोक खरखरीत जागेवर अडखळतं तेवढंच. मग ग्रेसी क्युरेटचा, म्हणजे हाताने खरवडायच्या उपकरणाचा, कोन बरोबर धरून ते काढायचं. मी तीन महिने रोज रात्री टायपोडॉन्टवर, म्हणजे सरावाच्या नकली दातांवर, बसायचे. हे गांभीर्याने घे, डेंटिस्ट लोक इथेच नापास होतात.

आता तुझा मुख्य प्रश्न. माझं लायसन्स फ्लोरिडात चालतं, मी इथेच राहते, म्हणून मला परवडलं. मैत्रिणीचं ऐकून हे करू नकोस.

प्रतिसाद: ह्यूस्टनची_अपर्णा

मी ह्यूस्टनला आहे, बीडीएस, आणि इथल्याच कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांचा हायजीनचा कोर्स केला. किनाऱ्यावरची यांनी लिहिलंय ते बरोबर आहे. टेक्सासमध्ये दुसऱ्या राज्याच्या लायसन्सच्या आधारावर लायसन्स मिळण्याची सोय आहे, पण शाळा कोडाची मान्यता असलेली हवी ही अट त्यातही सुटत नाही. तुमचं फ्लोरिडाचं लायसन्स बीडीएसच्या जोरावर असेल, तर त्यामागे अशी शाळाच नाही. वेळ आणि पैसा दोन्ही जातील.

डॉक्टरांबद्दल: तुम्ही नाही म्हणालात ते अगदी योग्य केलंत. असिस्टंटने स्केलिंग करणं म्हणजे इथे विनालायसन्स हायजिनिस्टचं काम करणं, आणि तो गुन्हा आहे. काम सांगणाऱ्या डॉक्टरचं लायसन्सही धोक्यात येतं. पुन्हा विचारलं तर शांतपणे एवढंच सांगा, "मी पुढे याच राज्याच्या बोर्डाकडे अर्ज करणार आहे, माझ्या नावावर काही लागलं तर तो अडकेल." समजूतदार माणूस पुन्हा विचारत नाही. विचारलंच, तर दवाखाना बदला. असिस्टंट सगळीकडे हव्या आहेत.

एक लक्षात ठेवा, एच-फोरवर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही.

प्रतिसाद: दंतकथा_नव्हे

मी पुण्यात शिकवतो. लायसन्सच्या बाबतीत माझ्यापेक्षा वरच्या दोघींना जास्त कळतं, पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. हायजिनिस्ट आपल्याकडेही कायद्यात आहे. १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टनेच दात साफ करणाऱ्या, पॉलिश करणाऱ्या आणि स्वच्छता शिकवणाऱ्या हायजिनिस्टची व्याख्या केली, आणि राज्यांच्या कौन्सिलकडे त्यांची वेगळी नोंदवही ठरवून दिली. पण दवाखान्यांत तो माणूस दिसतच नाही. "स्केलिंग केलं की दात हलतात" म्हणणारा पेशंट आणि वेळ नसलेला डॉक्टर यांच्या मधली जागा रिकामीच राहते. ताई, तुम्ही जे शिकणार आहात त्याची साताऱ्यालाही गरज आहे.

अमेरिकेतही हा पेशा दवाखान्यातच सुरू झाला. कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ च्या सुमारास आपल्या असिस्टंटला, आयरीन न्यूमन यांना, दात साफ करायला शिकवलं. १९१३ साली पहिला वर्ग भरला आणि १९१७ साली न्यूमन यांना पहिलं लायसन्स मिळालं. आजही अलाबामात डॉक्टरच्या हाताखाली काम करत हायजिनिस्ट होता येतं. पण ते लायसन्स घेऊन बाकीच्या राज्यांत जाणं अवघड, म्हणजे फ्लोरिडाचीच अडचण.

धागाकर्ती: सातारकर_मृणाल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री नवऱ्याबरोबर बसून तुमचे प्रतिसाद पुन्हा वाचले. फ्लोरिडाचा विचार सोडला. नवऱ्याची नोकरी इथे आहे आणि मला लायसन्स लागणार तेही इथेच.

डॉक्टरांशी आज बोलले. अपर्णाताईंनी सांगितलं तसंच मी म्हणाले. डॉक्टर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले की रजेच्या दिवशी बाहेरून हायजिनिस्ट बोलावू. त्या गृहस्थांची तारीख पुढच्या गुरुवारी आहे. त्यांचं कीटण नीट निघतंय ना, ते मला पाहायला मिळेल, सक्शन धरून का होईना.

नोंदणी चालू आहे, आईने साताऱ्याहून नूतनीकरण भरलं होतं. कॉलेजात चौकशीला जाणार आहे. अपर्णाताई, एकच विचारायचंय: मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री आणि अ‍ॅनाटॉमी हे प्रवेशाआधीचे विषय तुम्हाला पुन्हा करावे लागले, की बीडीएसचे क्रेडिट धरले? आणि प्रवेशाच्या अर्जात सात वर्षांच्या प्रॅक्टिसचा काही उपयोग झाला का?