पणतीच्या जागी चौकोन आणि ऑर्डरमध्ये ????

कोथरूडकर_भाचा:
मावशीच्या फराळाच्या ऑर्डरसाठी एक साधं वेब पेज बनवलंय, चकलीचं इमोजी सापडलं नाही म्हणून हेडिंगला पणती टाकली 🪔. माझ्या फोनवर झकास दिसते, बाबांच्या जुन्या फोनवर नुसता चौकोन. त्यात काल एका काकूंनी ऑर्डरमध्ये "२ किलो चिवडा, तिखट कमी" लिहून पुढे एक इमोजी टाकलं तर डेटाबेसमध्ये मराठी सगळं नीट आणि इमोजीच्या जागी ????. मावशी म्हणते काकू चिडल्यात की काय! फॉन्ट बदलू का?

पेठेतला_कोडर:
नको, हे दोन वेगळे आजार आहेत. चौकोन म्हणजे अक्षर पोचलंय पण फोनकडे त्याचं चित्र नाही, पणती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २०१९ ला आली, बाबांचा फोन आधीचा असणार. तिथे 🙏 टाक, ते २०१० चं आहे. प्रश्नचिन्हं म्हणजे मात्र मूळ अक्षरच गेलं, परत येणार नाही, काय टाकलं होतं ते काकूंनाच विचार. डेटाबेस मायएसक्यूएल आहे ना? त्यातलं जुनं यूटीएफ८, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देतं, देवनागरी बरोब्बर ३ मध्ये बसते म्हणून तुला इतके दिवस कळलं नाही, इमोजीला ४ लागतात. बॅकअप घेऊन टेबल यूटीएफ८एमबी४ (४ बाइटवालं) कर आणि पेज-डेटाबेस कनेक्शनलाही तेच दे, हे दुसरं सगळे विसरतात आणि मग इथे येऊन रडतात.

कोथरूडकर_भाचा:
झालं, सेव्ह होतंय! आता नवीन भानगड, स्वयंपाक करणाऱ्या बाईचं इमोजी बाबांकडे बाई वेगळी आणि शेजारी तव्यावर अंडं असं दिसतंय. शुद्ध शाकाहारी लिहिलंय रे वर 😭

पेठेतला_कोडर:
😂 ते आतून तसंच आहे, बाई अधिक तवा, मध्ये दोघांना जोडणारा, न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. 'दुसऱ्या' मधला अर्धा र काही कीबोर्ड याच जॉइनरने काढतात, म्हणजे आपल्या ओळखीचाच आहे तो. जोडचित्र फोनमध्ये नसलं की दोघं सुटे. काढून टाक ते.

ऐकून_वाचणारा:
मी स्क्रीन रीडर वापरतो. पणत्यांची रांग लावू नकोस प्लीज, ५ पणत्या म्हणजे तेच नाव ५ वेळा ऐकायचं आणि मग कुठे भाव येतो. नुसती सजावट असेल तर एरिया-हिडन (aria-hidden) लाव, म्हणजे रीडर ती वाचत नाही. आणि चकली भाजणीची आहे का ते लिही की, पेजवर कुठेच नाही.