लाकूड कापणाऱ्या घराण्याकडे रिफायनरी कशी आली? न्यू ब्रन्सविकचे इर्व्हिंग

कऱ्हाकाठ (प्रश्न)

माझा भाचा नुकताच कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात, सेंट जॉनला नोकरीसाठी गेलाय. फोन केला की एकच विषय. मावशी, पेट्रोल पंप इर्व्हिंगचा, टिश्यू पेपरचा कारखाना इर्व्हिंगचा, खिळे-पत्रे घ्यायचं दुकान त्यांचं, फ्रीजरमधल्या बटाट्याच्या फोडीसुद्धा त्यांच्याच! मूळ धंदा म्हणे लाकूड कापायचा, आणि मालकी अजून घरातच. लाकूडवाल्यांकडे रिफायनरी आणि जहाजं कुठून आली? तिकडं राहणारं कुणी असेल तर नीट सांगा. वाचायला जावं तर नुसतं कौतुक, नाही तर नुसत्या शिव्या.

फंडीचा_ड्रायव्हर

ताई, मी मूळचा मिरजेचा, आता सेंट जॉनमध्ये राहतो आणि ट्रक चालवतो. त्यामुळं ट्रकवाल्याच्या नजरेनं सांगतो. या घराण्याची गोष्ट रस्त्यावरूनच चांगली कळते.

बक्टूश नावाचं किनाऱ्यावरचं छोटं गाव आहे. तिथं जेम्स डर्गावेल इर्व्हिंग यांनी 1882 मध्ये लाकडाची गिरणी घेतली. जोडीला दळणाची गिरणी, दुकान, शेती. त्यांचा मुलगा केनेथ कॉलिन, म्हणजे के. सी., 1899 चा. पहिल्या महायुद्धातून परतल्यावर तो फोर्ड गाड्या आणि इंपीरियल ऑइल कंपनीचं पेट्रोल विकायचा. कंपनीनं एजन्सी काढून घेतली. त्यानं 1924 मध्ये स्वतःचाच तेलाचा धंदा उभा केला. पुढं 1933 मध्ये वडील गेले आणि लाकडाचा धंदाही त्याच्याकडे आला. इथून पुढं लाकूड आणि तेल जोडीनं वाढले.

माझ्या मते सगळी किल्ली एका सवयीत आहे. ज्या कामासाठी दुसऱ्याला पैसे मोजावे लागतात, ते काम आपणच करायचं. ओंडके न्यायला ट्रक लागतात, तर ट्रक आपले. ट्रकला डिझेल लागतं, तर पंप आपले, आणि 1960 मध्ये सेंट जॉनला रिफायनरीही आली. आज ती कॅनडातली सगळ्यात मोठी आहे, दिवसाला 3 लाख बॅरलच्या वर. कच्चं तेल समुद्रातून येतं, म्हणून जहाजं आणि जहाजं बांधायची गोदी. गिरणीतून फळ्या निघतात, म्हणून घरबांधणीच्या सामानाची दुकानं. एका धंद्याचं गिऱ्हाईक दुसरा धंदा, असं करत करत पैसा घरातच फिरत राहिला. वर शेअरहोल्डरांना दर तिमाहीला हिशेब द्यायचा नव्हता, त्यामुळं वीस-तीस वर्षांनी फळ देणाऱ्या कामात पैसा अडकवायची ताकद आली. जंगलाच्या धंद्यात तर हेच लागतं. त्यांनी 1957 पासून झाडं लावायला सुरुवात केली, आजवर 100 कोटींच्या वर लावलीत. मी उत्तरेकडे माल घेऊन जातो तेव्हा एका वयाच्या स्प्रूसच्या, म्हणजे सूचिपर्णी झाडांच्या रांगा मैलोन् मैल दिसतात. तिमाहीचा नफा बघणाऱ्या माणसानं ते कधीच केलं नसतं, हे मी मनापासून सांगतो.

मला सगळ्यात आवडणारा भाग युद्धातला आहे. सेंट जॉनमधला व्हिनीयरचा कारखाना के. सी. यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी घेतला होता. व्हिनीयर म्हणजे लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा. ब्रिटिशांचं मॉस्किटो हे लढाऊ विमान बव्हंशी लाकडाचं होतं, आणि त्यासाठी बर्च झाडाचे पापुद्रे इथून गेले. आपल्याकडे लोक लाकडाचा धंदा म्हणजे वखार समजतात. इथं त्याच लाकडाची विमानं झाली, नंतर लगदा झाला, कागद झाला. नदीचा प्रवाह भरतीला उलटा फिरतो त्या रिव्हर्सिंग फॉल्सच्या काठावरच त्यांची लगद्याची गिरणी उभी आहे. भाच्याला विचारा, वारा फिरला की गंधकाचा वास त्याच्यापर्यंत येत असेल.

के. सी. यांनी डिसेंबर 1971 मध्ये न्यू ब्रन्सविक सोडलं आणि पुढं बर्म्युडात राहिले. कॅनडात भांडवली नफ्यावर कर सुरू झाला तो लगेच 1972 मध्ये. ते 1992 मध्ये वारले. तीन मुलांत मोठे जेम्स यांच्याकडे जंगल, कागद, वाहतूक, गोदी आली. आर्थर यांच्याकडे तेल आलं. जॅक यांच्याकडे बांधकाम आणि पोलाद आलं. म्हणजे आज ‘इर्व्हिंग’ ही एक कंपनी नाही. जंगलवाले वेगळे, तेलवाले वेगळे.

बल्लारपूरकर

छान लिहिलंत. पण जंगल कुणाचं? आमच्या कागद गिरणीला बांबू सरकारी जंगलातून यायचा, म्हणून विचारतो. सगळी जमीन त्यांची स्वतःची आहे का?

फंडीचा_ड्रायव्हर

दादा, खरा प्रश्न हाच आहे. काही जंगल त्यांच्या मालकीचं आहे, शेजारच्या अमेरिकेतल्या मेन राज्यातही भरपूर आहे. पण न्यू ब्रन्सविकची जवळपास निम्मी जमीन सरकारी, इथल्या भाषेत क्राउन लँड. ती 1982 पासून लागू असलेल्या कायद्यानं मोठ्या गिरण्यांना परवान्यावर दिली जाते. परवानेदार थोडे आणि त्यांत हे सगळ्यात मोठे. सरकारनं 2014 मध्ये तिथून तोडायच्या लाकडाचा कोटा वाढवला, तेव्हा विद्यापीठातल्या वनशास्त्रज्ञांनी उघड विरोध केला होता.

आणि मला ज्यांची काळजी वाटते ते तिसरेच. इथं हजारो कुटुंबांकडे स्वतःचं छोटं जंगल आहे, आपल्याकडे वडिलोपार्जित दोन-चार एकर असतात तसं. क्राउनचं लाकूड गिरणीच्या दारात मुबलक आलं की या माणसाच्या ओंडक्याला भाव कोण देणार? जवळपास दुसरं मोठं गिऱ्हाईकच नाही. माल उतरवताना अशा म्हाताऱ्या मालकांशी बोलणं होतं. झाडं उभी आहेत पण तोडणं परवडत नाही, असं सांगतात. शिवाय वोलास्तोके या इथल्या मूळ रहिवाशांनी 2021 मध्ये आपल्या पूर्वजांच्या जमिनीच्या दाव्यात लाकूड कंपन्यांनाही ओढलं, कारण ही जमीन आम्ही कधी कुणाला दिलीच नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.

लागवडीबद्दल मी वर जे लिहिलं ते तसंच आहे, आणि हेही तितकंच खरं आहे.

मॉन्क्टनची_मेधा

यात वर्तमानपत्रं राहिली. के. सी. यांनी 1944 पासून घ्यायला सुरुवात केली, आणि 1970 च्या सुमाराला प्रांतातली सगळी इंग्रजी दैनिकं त्यांची होती. मक्तेदारीचा खटला झाला, खालच्या कोर्टात दोषी ठरले, 1976 मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकले. ती वर्तमानपत्रं कुटुंबानं 2022 मध्ये पोस्टमीडिया या वर्तमानपत्र कंपनीला विकली. कौतुक आणि शिव्या यांच्या मधलं फारसं वाचायला मिळत नाही त्याचं एक कारण हेही असावं.

कऱ्हाकाठ

सगळ्यांचे आभार. भाच्याला पाठवते. ड्रायव्हरदादा, तो पुढच्या महिन्यात उत्तरेकडे एडमंडस्टनला जाणार आहे. वाटेत ती लावलेली झाडं दिसतील का?

फंडीचा_ड्रायव्हर

हायवेवरून थोडीच. सेंट लेनर्डला वळून आत रस्ता घेतला तर ब्लॅक ब्रुक हा त्यांच्या जंगलाचा पट्टा लागतो. पण अंधार पडायच्या आत निघायला सांगा, मूस, म्हणजे इथली भलीमोठी हरणं, रस्त्यावर येतात.