मदत हवी आहे: वीज पडून विमानाचं डोकं फिरतं का?

काल पोरासोबत २००५ चा स्टेल्थ सिनेमा बघितला, तोच, तीन नेव्ही पायलट आणि चौथं बिनपायलटचं विमान एडी, त्याच्यावर वीज पडते आणि ते कुणाचं ऐकेनासंच होतं. पोरगं तेव्हापासून डोकं खातंय की खरंच असं होईल का. मी म्हटलं अरे विमानांवर वीज पडतच असते, बाहेरच्या पत्र्यावरून निघून जाते, तर म्हणतो मग कॉम्प्युटरचं काय? (बरोबर आहे म्हणा.) वर २०२४ मध्ये अमेरिकेत एआयने एफ-१६ लढाऊ विमान उडवलं आणि त्यात त्यांचे हवाई दलाचे सेक्रेटरी फ्रँक केंडल स्वतः बसले होते, सोबत सेफ्टी पायलट. तर तो पायलट एआयकडून कंट्रोल परत कसा घेतो, स्टिकवरच बटन असतं का? एव्हिऑनिक्सवालं (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणारं) कुणी असेल तर सोप्या भाषेत सांगा प्लीज, पोरगं आठवीत आहे.