मदत हवी आहे: २२ हजारांचे हातशिलाईचे बूट, ठेवू की परत पाठवू?

नमस्कार मंडळी,

जरा लांबण लागणार आहे, पण कृपया शेवटपर्यंत वाचा. सोमवारपर्यंत निर्णय घ्यायचा आहे आणि घरात कुणाला विचारावं असं कुणी नाही.

मी कोल्हापूरचा, राजारामपुरीत राहतो. काम शेती यंत्रांच्या सर्व्हिसचं. आज पन्हाळा, उद्या राधानगरी, परवा गगनबावडा. दिवसाचे नऊ-दहा तास पायात बूट, त्यातले निम्मे मोटरसायकलवर आणि निम्मे कुणाच्या तरी बांधावर. शेतात पाणी साठलं असेल तेव्हा मी गमबूटच घालतो, त्यामुळे तो सल्ला नको. पण गमबुटात दिवसभर पाय उकडतात, त्वचा पांढरी पडते. मला रोजचे, घोट्याच्या वरपर्यंत येणारे, तळ झिजला तर बदलता येईल असे चामड्याचे बूट हवेत.

दोन वर्षांपूर्वी असेच घेतले होते, ऑनलाइन, साडेसात हजारांचे. कडेनं वेल्टची पट्टी (वरचं चामडं आणि तळ यांना जोडणारी कडेची पट्टी), पट्टीवर जाड दोऱ्याचे ठळक टाके, जाहिरातीत ‘गुडइयर वेल्ट, तळ बदलता येतो’ असं लिहिलेलं. दुसऱ्या पावसाळ्यात उजव्या बुटाचा तळ चवड्यापाशी उघडला. दसरा चौकाजवळ एक गटई कामगार बसतात, वडिलांच्या वेळेपासून आमची पायताणं त्यांच्याकडेच जातात. त्यांनी बूट दोन गुडघ्यांत धरला, रापीचं, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराचं, टोक पट्टीखाली सरकवलं आणि हात जरासा कलता केला. सगळी पट्टी टाक्यांसकट सोलून हातात आली. खाली वरच्या चामड्यात एकही भोक नव्हतं. टाके फक्त पट्टीपुरते घातलेले, आणि ती पट्टी सोल्यूशननं चिकटवलेली. ते म्हणाले, “ह्याला शिवू कुठं? दोरा धराय काय न्हाईच की आत.” कंपनीला फोटो पाठवले तर ‘नेहमीची झीज’ असं उत्तर आलं. पैसे गेलेच, पण आपल्याला दोन वर्षं कळलंसुद्धा नाही याचं जास्त वाईट वाटलं.

कारण चप्पल मला कळते. वडील कापशी, म्हणजे कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार, घालायचे आणि जोड घ्यायला मला बरोबर न्यायचे. ते आधी चप्पल उलटी करायचे. तळाच्या कडेला किती थर आहेत ते बघायचे, वादीचे टाके तळातून आरपार आलेत का ते अंगठ्यानं चाचपायचे, कान ओढून बघायचे, मग नाकाशी धरायचे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात पिकलेल्या कातड्याचा वास एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. अस्सल कोल्हापुरीत खिळा नसतो, अस्तर नसतं, सगळं काम डोळ्यांसमोर उघडं असतं. बुटाचं तसं नाही. जे महत्त्वाचं ते सगळं दोन थरांच्या मध्ये गाडलेलं असतं.

आता नवा जोड. परराज्यातल्या एका छोट्या कारखान्यातून मागवला, नाव देत नाही, कारण अजून त्यांची चूक आहे की नाही हेच मला ठरवता येत नाही. किंमत २२ हजार. मापं पाठवून साडेतीन महिन्यांनी आला. सात दिवसांत परत पाठवता येतो, पण तळ झिजलेला चालणार नाही, म्हणून घरात सतरंजीवर घालून फिरतोय. बायको काही बोलत नाही, पण मुलीच्या शाळेची फी आणि हे बूट एकाच महिन्यात आले आहेत.

दिसतं ते असं. शिवण सरळ आणि बारीक आहे, कुठं दोरा सुटलेला नाही. टाच चामड्याच्या थरांची आहे, तळ रबराचा. पण उजव्या बुटाच्या चवड्यावर, जिथं पाऊल दुमडतं तिथं, चार पावलांतच जाड, फुगीर सुरकुत्या पडल्या. डाव्यावर त्याच जागी केसासारख्या बारीक रेघा आहेत. दोन्ही एकाच कातड्याचे असं त्यांचं म्हणणं. दुसरं, जिभेची कापलेली कड बघितली तर आतला गाभा निळसर राखाडी आहे. मी तपकिरी असेल असं समजत होतो, म्हणून धस्स झालं. तिसरं, टाच चालताना थोडी उचलली जाते. आणि मुख्य म्हणजे वेल्ट खरी आहे का, हे रापी न लावता कसं बघायचं?

ज्यांनी असे बूट वापरलेत किंवा बनवलेत त्यांनी कृपया सांगा.

*

प्रतिसाद: टाका_दोरा

दादा, मी अकरा वर्षं तमिळनाडूत बूट कारखान्यात लास्टिंग विभागात (जिथं वरचं चामडं साच्यावर ताणून बसवतात) होतो, आता सांगलीला असतो. एकेक घेऊ.

आधी वेल्ट. बूट मांडीवर घ्या आणि दोन्ही अंगठ्यांनी वरचं चामडं वेल्टपासून हळूच मागं दाबा. दोघांच्या सांध्यात फट पडेल. टॉर्च मारा. खऱ्या वेल्टमध्ये त्या फटीत आडवा दोरा ठरावीक अंतरानं दिसतो. तो टाका वरचं चामडं, अस्तर आणि वेल्ट यांना आतल्या तळव्याशी, म्हणजे इनसोलशी बांधतो. वेल्टवर वरून जे टाके दिसतात ते वेगळे, ते फक्त वेल्ट आणि तळ जोडतात. म्हणजे शिवणी दोन असतात. तुमच्या जुन्या बुटात दोन्ही नव्हत्या. मग बूट उलटा करा. रबरी तळाला कडेनं खाच असेल तर तिच्यात वरच्या टाक्यांचीच खालची बाजू दिसली पाहिजे. आतल्या तळव्यावर कडेपासून थोडं आत टाक्यांची रांग दिसली तर ती ब्लेक शिलाई. ती वाईट नसते, हलकी आणि लवचिक असते, पण टाका तळातून थेट पायापर्यंत येतो, त्यामुळे तुमच्या पावसात ओल वर चढेल.

आता तुम्ही ‘हातशिलाई’ लिहिलंय, तर त्यांना एक प्रश्न नक्की विचारा. मशीनच्या गुडइयर वेल्टमध्ये इनसोलच्या खाली कापडाची उभी कड चिकटवतात आणि टाका त्या कडेतून जातो. हातानं वेल्ट करणारा कारागीर जाड चामड्याचा इनसोल घेऊन त्यातच खाच कोरतो आणि मेण लावलेल्या दोऱ्यानं, आरीनं भोक पाडत एकेक टाका घालतो. तिथं चिकटवलेल्या कापडावर काही अवलंबून नसतं, त्यामुळे तळ पुनःपुन्हा बदलला तरी सांगाडा ढिला पडत नाही. मशीनचा बूटही नीट केलेला असेल तर वर्षानुवर्षं जातो, कमी लेखू नका. पण २२ हजार हाताच्या कामाचे घेतले असतील तर हाताचं काम दिसायला हवं. तळ लावण्याआधीचा फोटो मागा. आत कॉर्कचा भराव आणि कमानीखाली पोलादाची किंवा लाकडाची पट्टी दिसेल. जो खरंच करतो त्याच्याकडे असे फोटो असतातच.

निळसर गाभ्याचं मनातून काढून टाका. ते क्रोमवर पिकवलेलं चामडं. क्रोमियमच्या क्षारात बुडवलेलं कातडं निळं होतं, व्यापारात त्याला वेट ब्लूच म्हणतात, मग वरून रंगवतात. जगातलं बहुतेक बुटांचं वरचं चामडं असंच असतं. ते मऊ राहतं आणि भिजून वाळल्यावर साल-हिरड्याच्या चामड्याइतकं कडक होत नाही. तुम्हाला वर तेच हवं. साल-हिरड्याचं, घट्ट, घाम पिणारं चामडं हवं ते पायाखाली, इनसोलला. आतली गादी टाचेकडून उचलता आली तर उचला, उघड्या जागेवर पाण्याचा एक थेंब ठेवा. चामडं असेल तर थेंब पिईल आणि काळपट होईल. चामड्याचा भुगा दाबून केलेला पुठ्ठा असेल तर नखानं कड खरवडल्यावर भुसभुशीत लागेल.

टाच थोडी उचलणं नव्या जाड तळाच्या बुटात होतं. तळ दुमडायला लागला की थांबतं. पण बोटांच्या मुळाशी पाय जिथं सर्वांत रुंद असतो ती जागा बुटाच्या रुंद जागेवर बसते का ते बघा, आणि संध्याकाळी बघा, तोवर पाय फुगलेला असतो. ती जागा पुढंमागं असेल तर बूट कधीच सैलावून बरोबर होणार नाही.

*

प्रतिसाद: सुभाषनगरची लेक

मी चप्पल कारागिरांच्या घरातली. बूट आमच्या घरात होत नाहीत, पण उजव्या बुटाच्या सुरकुत्या वाचल्या आणि लिहावंसं वाटलं.

कातडं सगळीकडे सारखं नसतं. पाठीचं घट्ट, मानेचं जाड आणि वळ्या असलेलं, पोटाचं आणि काखेकडचं सैल. माझे वडील तळ कापताना कातडं जमिनीवर पसरून आधी नुसता हात फिरवतात, मग रापी घेतात. त्यांना मी तुमचं वाचून दाखवलं. म्हणाले, त्यांना सांग, बोटानं चामडं आतल्या बाजूला दुमडून बघ. बारीक, दाट रेघा आल्या तर तंतू घट्ट. जाड वळी उठली आणि वरचा पापुद्रा खालच्यापासून सुटल्यागत हलला, तर ते पोटाकडचं. ते जिभेला, आतल्या पट्टीला चालतं. चवड्यावर नाही घालायचं. तिथं दिवसातून हजारो वेळा दुमड पडते.

एकाच कातड्याचे असतील हे खरंही असेल. एका कातड्यातच पाठ आणि पोट दोन्ही असतात ना.

आणि दादा, शिवण सरळ आहे म्हणून चांगलं, असं धरू नका. सरळ शिवण मशीनही घालतं. कातडं कुठून कापायचं हे माणसालाच ठरवावं लागतं, आणि महागाची किंमत तिथं असते, कारण पोटाकडचं बाजूला ठेवायचं म्हणजे माल वाया घालवावा लागतो. लेबलाचंही तसंच. आपल्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. त्याचा अभिमान आहेच, पण गिऱ्हाईक दुकानात आलं की वडील अजूनही चप्पल त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, वाकवून बघा.

*

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. ताई, वडिलांना नमस्कार सांगा.

काल रात्री मुलीनं टॉर्च धरली आणि मी अंगठ्यांनी फट पाडली. दोरा आहे! दोन्ही बुटांत, पूर्ण गोल, मेणानं पिवळट झालेला, टाक्यांचं अंतर यंत्रासारखं अगदी एकसारखं नाही. तळाच्या खाचेतही टाके दिसले. इनसोलनं थेंब प्यायला. मुलीनं प्रत्येक टाका मोजायचा हट्ट धरला, डाव्या बुटाचे मोजून झाले तेव्हा साडेदहा वाजले होते.

उजव्याचं मात्र काका म्हणाले तसंच निघालं. बोटानं दुमडलं की वळी उठते आणि वरचा थर सरकतो. डाव्याला तसं होत नाही.

सकाळी कारखान्याला फोन केला. दोन शिवणी, इनसोल, सगळं चांगलं असल्याचं आधी सांगितलं, मग उजव्या चवड्याचं. पलीकडचे गृहस्थ क्षणभर गप्प झाले, मग दोन्ही बूट दुमडून काढलेला व्हिडिओ मागितला. दुपारी त्यांचाच फोन आला. कापणारा नवा मुलगा आहे, उजवा तुकडा काखेजवळून गेलाय हे व्हिडिओत स्पष्ट दिसतं म्हणाले. नुसता एक बूट बदलला तर रंगात फरक पडेल, म्हणून पूर्ण जोड नवा करून देतील, कुरिअरचा खर्च त्यांचा. दोन महिने लागतील. तळ लावण्याआधीचे फोटो मी न मागता पाठवतो म्हणाले. जिभेच्या दोन्ही कडा वरपर्यंत शिवून देता येतील का, म्हणजे बंदांच्या फटीतून पाणी आत जाणार नाही, हेही विचारलं. त्याला हो म्हणाले.

दोन महिने म्हणजे निम्मा पावसाळा जाईल, तोवर जुन्याच बुटांना तळ चिकटवून ढकलतो. एक शंका उरलीय. गगनबावड्याकडून आलं की बूट आतून ओले असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत हवे असतात. आजवर मी चुलीजवळ ठेवायचो. नव्या जोडाचं काय करू?

*

टाका_दोरा:

चुलीजवळ अजिबात नको, उन्हातही नको. चामड्यातलं तेल उडतं आणि दुमडीवर चीर जाते. बंद पूर्ण सैल करा, जीभ बाहेर ओढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभरानं बदला, आणि बूट आडवे ठेवून पंख्याखाली सोडा, म्हणजे तळालाही हवा लागेल. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाल तर चार दिवसांत बुरशी येईल. जमलं तर एक दिवसाआड घाला, मधल्या दिवशी जुना जोड. चिखल वाळू द्या, मग ब्रशनं झाडा, वरून मेणाचं पॉलिश. तेल महिन्यातून एकदाच आणि थोडंच, चपलेसारखं चोपडू नका, चवडा लोळागोळा होईल.

नवा जोड आला की फटीचा फोटो इथं टाका. टाके मलाही बघायचेत.

*

धागाकर्ता:

नक्की टाकतो. बूट आज दुपारी कुरिअरला दिले. पावती बायकोनं मुलीच्या फीच्या पावतीबरोबरच ठेवलीय.