मदत हवी आहे: मामांचा लॅपटॉप पासवर्ड घेतो आणि पुन्हा पासवर्डच मागतो

भाची_पुण्यात
कालपासून हे चालू आहे. पासवर्ड टाकला की क्षणभर काळा पडदा, आणि परत पासवर्डचंच पान. पासवर्ड बरोबर आहे, चुकीचा टाकला तर तसं सांगतो. मामा नागपूरला, मी पुण्यात. त्यांनी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) आयुष्यात उघडलेलं नाही, त्यामुळे जे काय करायचं ते मी फोनवर एकेक अक्षर सांगणार. सोसायटीचा वर्षाचा हिशेब त्यात आहे आणि रविवारी सभा आहे. फॉरमॅट मारा असं कृपया कुणी सांगू नका. जरा लवकर सांगा.

रूटवाला
सिस्टीम कुठली? विंडोज, उबंटू, मिंट? आवृत्ती? काळ्या पडद्यावर काही अक्षरं उमटतात का? त्याआधी अपडेट झालं, लाइट गेली, काही नवीन टाकलं? आणि मामांचा फोन मोकळा आहे ना, की लॅपटॉपचं इंटरनेट त्यावरूनच चालतं?

सीडीमास्तर
अपडेटनंतर हे हमखास होतं. शिफ्ट दाबून रीस्टार्ट, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. तिथे एसएफसी, स्पेस, स्लॅश स्कॅननाऊ, आणि पुढे स्लॅश ऑफबूटडिर, स्लॅश ऑफविनडिर लावून विंडोजची ड्राइव्ह. शंभर टक्के होईपर्यंत खिडकी बंद करायची नाही.

भाची_पुण्यात
उबंटू आहे हो, २२.०४. मीच टाकून दिलंय, सगळं मराठीत करून. अक्षरं काही उमटत नाहीत, फोन मोकळा आहे. मामा म्हणतात, आठवडाभर ‘जागा कमी आहे’ असलं काहीतरी वर यायचं, ते बंद करून टाकायचे.

रूटवाला
हे शेवटचं वाक्य सगळ्यात आधी हवं होतं. डिस्क भरली आहे, बहुतेक तेवढंच.

उबंटूत लॉगिन होताच डेस्कटॉपला होम फोल्डरमध्ये काही छोट्या फायली लिहाव्या लागतात. जागाच नसली की सेशन तिथेच पडतं आणि पासवर्डचं पान परत येतं. पण ईएक्सटी४ मध्ये, म्हणजे उबंटूच्या नेहमीच्या डिस्क-रचनेत, ५ टक्के जागा रूटसाठी (सिस्टीमच्या मुख्य खात्यासाठी) राखून ठेवलेली असते, म्हणून सुडो लावून, म्हणजे त्या खात्याच्या हक्काने, केलेली कामं अजून होतील. हिशेबाच्या फायली जागच्या जागी असणार, घाबरू नका.

मामांना सांगा, पासवर्डच्या पानावर असतानाच कंट्रोल, अल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. लॅपटॉप आहे, बहुधा एफएनही धरावं लागेल. काळ्या पडद्यावर लॉगिन असं येईल. तिथे नाव, एंटर, पासवर्ड, एंटर. पासवर्ड टाकताना काहीही उमटत नाही, टिंबंसुद्धा नाहीत. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर की-बोर्ड गेला म्हणून फोन ठेवतील. पासवर्डात आकडे असतील तर वरच्या ओळीतले वापरायचे, उजवीकडचे नाहीत, कारण नमलॉक बंद असू शकतो.

आत गेल्यावर पहिली कमांड, डिस्क किती भरली ते दाखवणारी, जशी बोलायची तशीच लिहितो:
डी एफ – स्पेस – डॅश एच – स्पेस – स्लॅश – एंटर.
वाचून दाखवायला लावू नका, फोटो मागवा.

संत्रा_बर्फी
काहून एवढं डोकं लावून राहिले बाप्पा? नागपूरचाच लॅपटॉप आहे तं सीताबर्डीला नेऊन द्या. संध्याकाळपर्यंत करून देतात.

भाची_पुण्यात
फॉरमॅट करून देतात, माहीत आहे. 

रूटवाला, नाव टाकलं तर लॉगिन इनकरेक्ट येतंय. पानावर दिसतं तेच नाव टाकलंय.

कर्नल_काका
पानावर दिसतं ते पूर्ण नाव. इथे युजरनेम लागतं, छोटी इंग्रजी अक्षरं, मध्ये स्पेस नाही. तुम्ही कधी त्या लॅपटॉपच्या टर्मिनलचा फोटो काढला असेल तर @ च्या आधीचा शब्द बघा. नसेल तर रिकव्हरी मोड: सुरू होताना एस्केप, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, रिकव्हरी, रूट. तिथे एल एस – स्पेस – स्लॅश होम केलं की फोल्डरचं नाव दिसेल, बहुतेक वेळा तेच युजरनेम. खरं तर पहिल्यापासून रिकव्हरीतूनच जायला हवं होतं. त्या यादीत ‘क्लीन’ नावाचा पर्यायच आहे.

रूटवाला
क्लीन पॅकेजांचा कचरा काढतं. दुसरंच काही फुगलं असेल तर त्याला हात लावत नाही. शिवाय रिकव्हरीच्या रूटमध्ये डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते, आधी माउंट डॅश ओ रीमाउंट कॉमा आरडब्ल्यू करावं लागतं. टर्मिनल न पाहिलेल्या माणसाला फोनवरून हे सांगून बघा.

भाची_पुण्यात
जुन्या फोटोत युजरनेम सापडलं, मामा आत गेले. पण फोटोत बऱ्याच ठिकाणी नुसते चौकोन आहेत.

रूटवाला
मराठीत टाकून दिल्याचा प्रसाद. साध्या कन्सोलला, म्हणजे त्या काळ्या पडद्याला, देवनागरी दाखवता येत नाही. संदेश इंग्रजीत यावेत म्हणून हे करा:
एक्सपोर्ट – स्पेस – लँग कॅपिटलमध्ये – बरोबरचं चिन्ह – कॅपिटल सी.
स्पेस एकच, एक्सपोर्टनंतर. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला नको. हे त्या लॉगिनपुरतंच राहतं, डेस्कटॉपची मराठी जात नाही.

संत्रा_बर्फी
फोनवर डी, बी, पी, टी सारखेच ऐकू येतात, एफ आणि एस तं विचारूच नका. मामा नागपूरचे आहेत ना, मग गावांची नावं घ्या. डी धंतोली, बी बुटीबोरी, पी पारडी, टी तेलंगखेडी, एफ फुटाळा, एस सावनेर, एम मानकापूर, एन नंदनवन. दिल्ली-मुंबईपेक्षा लवकर समजते.

कर्नल_काका
आणि वर्धा? व्ही की डब्ल्यू?

संत्रा_बर्फी
डब्ल्यू. स्टेशनची पाटी पाहा. व्हीसाठी व्हीएनआयटी.

भाची_पुण्यात
धंतोली-फुटाळा एका दमात जमलं! फोटो आला: साइज ९८जी, यूज्ड ९३जी, अ‍ॅव्हेल ०, १०० टक्के. आता?

कर्नल_काका
टाइमशिफ्ट (सिस्टीमच्या जुन्या प्रती ठेवणारा प्रोग्रॅम) आहे का? त्याचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या प्रती, त्याच डिस्कवर पडत असतील तर तेच असणार. कचराकुंडी कधी रिकामी केली होती?

भाची_पुण्यात
टाइमशिफ्ट नाही. कचराकुंडीचं माहीत नाही.

रूटवाला
अंदाज बांधण्यापेक्षा मोजू या:
सुडो – स्पेस – डीयू – स्पेस – डॅश एक्स एच डी १ – स्पेस – स्लॅश व्हर.
डॅशनंतरचं सगळं सलग. एक्समुळे दुसऱ्या डिस्कमध्ये शिरत नाही, डी१ मुळे एकाच पातळीचे आकडे येतात. सुडो पुन्हा पासवर्ड मागेल, पुन्हा काही उमटणार नाही. व्हर म्हणजे व्हीएनआयटीचा व्ही, ए, आर.

त्यात लॉग, म्हणजे सिस्टीमच्या नोंदींचा फोल्डर, मोठा दिसला तर:
एल एस – स्पेस – डॅश एल एच कॅपिटल एस – स्पेस – स्लॅश व्हर स्लॅश लॉग – स्पेस – पाइप – स्पेस – हेड.
कॅपिटल एसने मोठी फाइल वर येते. पाइप म्हणजे उभी रेघ, शिफ्ट धरून बॅकस्लॅशची की, बहुतेक की-बोर्डांवर एंटरच्या वर. हेड विसरू नका. यादी लांबली तर वरचा भाग निसटून जातो, आणि शिफ्ट-पेजअपने मागे जाण्याची सोय कन्सोलमधून २०२० मध्ये, लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नल) ५.९ आवृत्तीपासून काढून टाकली आहे.

भाची_पुण्यात
लॉग ८० जीबी! त्यात सिसलॉग ४१जी, कर्न डॉट लॉग ३८जी. बाकी किरकोळ.

घाईवाला
मग एवढी चर्चा कशाला? सुडो आरएम डॅश आरएफ स्लॅश व्हर स्लॅश लॉग स्लॅश स्टार. दोन सेकंदांत काम.

रूटवाला
भाची, हे करू नका.

एक, लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने फाइल उघडी धरलेली असते. नाव पुसलं तरी तो सोडेपर्यंत जागा सुटत नाही, डीएफ १०० टक्केच दाखवत राहील. दोन, त्या फोल्डरात इतर प्रोग्रॅमचे उपफोल्डर आहेत, तेही जातील. तीन, आणि हे सगळ्यात वाईट: फोनवर सांगताना स्टारच्या आधी एक स्पेस जास्त पडली तर स्टारचा अर्थ ‘मी आत्ता आहे त्या फोल्डरातलं सगळं’ असा होतो. मामा आत्ता होम फोल्डरमध्ये आहेत. हिशेब त्यातच आहे.

घाईवाला
एवढी कोण स्पेस टाकतं?

कर्नल_काका
ज्याला समोरचा फोनवर ‘स्पेस, स्पेस’ सांगत असतो, तो.

रूटवाला
रिकामं करण्याआधी आत काय भरलंय ते बघा, नाहीतर पुन्हा भरेल:
सुडो – स्पेस – टेल – स्पेस – डॅश एन – स्पेस – ५ – स्पेस – स्लॅश व्हर स्लॅश लॉग स्लॅश सिसलॉग.
फोटो घ्या. मग:
सुडो – स्पेस – ट्रंकेट – स्पेस – डॅश एस – स्पेस – शून्य – स्पेस – स्लॅश व्हर स्लॅश लॉग स्लॅश सिसलॉग.
शून्य म्हणजे आकडा, ओ नाही. एंटर दाबला की काहीच संदेश येत नाही, म्हणजे झालं. मग वरचा बाण दाबा, तीच कमांड परत येईल, फक्त सिसलॉग पुसून कर्न डॉट लॉग लिहायला लावा. पुन्हा सगळं सांगत बसू नका. ट्रंकेट फाइल तशीच ठेवून आतला मजकूर शून्यावर आणतं, जागा लगेच सुटते.

कर्नल_काका
फाइलच्या नावाआधी नुसतं > हे बाणाचं चिन्ह दिलं तरी तेच होतं, टायपिंग कमी.

रूटवाला
सुडो लावून बाण दिला तर चालत नाही. बाणाचं काम सुडोच्या आधी साधं शेल (टाइप केलेली कमांड वाचणारा प्रोग्रॅम) करतं, आणि त्याला त्या फाइलवर हक्क नसतो. परमिशन डिनाइड येईल आणि मामा विचारतील आता काय.

भाची_पुण्यात
डीएफ १५ टक्क्यांवर आलं! रीबूट केलं, डेस्कटॉप उघडला, हिशेब जागेवर आहे. खूप आभार. टेलच्या फोटोत एकच ओळ पुन्हा पुन्हा आहे: पीसीआयई बस एरर, सिव्हिरिटी करेक्टेड, टाइप फिजिकल लेयर, आणि ००:१सी.५ असा काही आकडा. ते सोडून दिलं तर चालेल ना?

रूटवाला
नाही चालणार. पहिलं काम, हिशेब पेन ड्राइव्हवर घ्या. आत्ता, फोन चालू असतानाच.

करेक्टेड म्हणजे मदरबोर्ड आणि एखाद्या कार्डामधल्या देवाणघेवाणीत चूक झाली आणि हार्डवेअरने ती स्वतःच सावरली. चूक निरुपद्रवी, पण कर्नल प्रत्येक वेळी नोंद करतं, आणि सेकंदाला शेकडो वेळा झाली तर आजच्यासारखं होतं. एकच नोंद दोन्ही फायलींत जाते, म्हणून दोन्ही जवळपास सारख्याच फुगल्या. जुने लॉग बाजूला काढणारं लॉगरोटेट दिवसातून एकदा चालतं, त्याला हा वेग झेपत नाही.

आता डेस्कटॉप आहे, तेव्हा कंट्रोल-अल्ट-टी, आणि कमांड मेसेजमधून पेस्ट करा. पेस्ट कंट्रोल-शिफ्ट-व्ही ने. दोन गोष्टी सांभाळा. काही फोन सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतात आणि दोन डॅशची एक लांब रेघ करतात, टर्मिनलला ते कळत नाही. आणि मामांचा की-बोर्ड मराठीवर असेल तर आधी सुपर-स्पेस (सुपर म्हणजे विंडोजच्या चिन्हाची की) दाबून इंग्रजीवर आणा.

लॅपटॉप सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमला ग्रब म्हणतात. आधी त्याच्या ईटीसी – डिफॉल्ट – ग्रब या फाइलची सीपीने एक प्रत करून ठेवा. मग ती सुडो नॅनोने उघडा. ‘क्वाएट स्प्लॅश’ लिहिलेल्या ओळीत, शेवटच्या अवतरणचिन्हाच्या आत, एक स्पेस देऊन पीसीआय बरोबर नोएईआर. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. मग सुडो अपडेट-ग्रब, रीबूट. लागू झालं का ते कॅट – स्पेस – स्लॅश प्रॉक स्लॅश सीएमडीलाइन मध्ये दिसेल.

कर्नल_काका
नोएईआर म्हणजे तक्रारवहीच बंद करणं. चूक होतच राहते. बहुतेक वेळा कारण वीज वाचवण्यासाठी लिंक झोपवणं हे असतं. पीसीआयई अंडरस्कोर एएसपीएम बरोबर ऑफ लावा, मुळावर घाव.

रूटवाला
बॅटरी लवकर उतरेल त्याने. आणि कारण तेच आहे हे कशावरून?

कर्नल_काका
करून बघितल्यावरून. फाइलला हात न लावता एका बूटपुरतं करता येतं: ग्रबच्या यादीत ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी स्पेस देऊन लिहा, एफ१०. लॉग फुगायचा थांबला तर कारण सापडलं, नाही थांबला तर रीबूट केल्यावर सगळं जसंच्या तसं.

रूटवाला
हे मान्य, आधी असंच करा. मामांचा लॅपटॉप दिवसभर चार्जरवरच असतो का? असेल तर काकांचा उपाय कायम ठेवला तरी चालेल.

घाईवाला
२४.०४ वर अपग्रेड करा, सगळं आपोआप सुटेल.

कर्नल_काका
सभेच्या चार दिवस आधी? २२.०४ ला २०२७ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

भाची_पुण्यात
चार्जरवरच असतो. ई दाबून केलं, तासाभरात सिसलॉग काही केबीनेच वाढला. मग फाइलमध्येही तेच घातलं. तो ००:१सी.५ म्हणजे नक्की कुठलं कार्ड?

कर्नल_काका
एलएसपीसीआय – स्पेस – डॅश टी व्ही. झाडासारखी आकृती येते, १सी.५ च्या फांदीला काय लटकलंय ते दिसेल. वायफाय असण्याची शक्यता जास्त. तसं असेल तर सभा झाल्यावर कुणाकडून तरी कार्ड काढून, पुसून, परत घट्ट बसवून घ्या. नुसतं सैल बसलेलं असलं तरी हेच होतं.

संत्रा_बर्फी
हे मात्र सीताबर्डीला होते. लॅपटॉप तिथंच ठेवून येऊ नका, समोर उभं राहून करून घ्या.

भाची_पुण्यात
वायफायच निघालं. पुढच्या वेळी फोनवर बोलायला नको म्हणून काय करू? एनीडेस्कने इथूनच त्यांचा डेस्कटॉप चालवू?

रूटवाला
डेस्कटॉपच उघडत नसेल तर एनीडेस्कचा भरवसा नाही. ओपनएसएसएच सर्व्हर टाका, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून त्यांचं टर्मिनल वापरता येईल; उबंटू डेस्कटॉपवर तो आपोआप येत नाही. पण घरच्या ब्रॉडबँडला बऱ्याचदा स्वतःचा पब्लिक पत्ता नसतो, त्यामुळे पुण्याहून थेट पोचता येणार नाही. दोन्हीकडे टेलस्केल (दोन संगणक इंटरनेटवरून एकाच खासगी जाळ्यात जोडणारा प्रोग्रॅम) टाकलं तर तेही जमतं, राउटरला हात लावावा लागत नाही. फक्त त्या खात्यात मामांच्या लॅपटॉपची की एक्स्पायरी बंद करून ठेवा, नाहीतर काही महिन्यांनी नेमकं हवं तेव्हा ते परत लॉगिन मागेल.